या खेपेचा बकरा

३ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं, तेव्हा पत्रच बरं.

तू विचारलं होतंस की सासरच्या बर्फाच्या कारखान्यात मी नक्की काय करते. मी पाणी सांभाळते. टाकीतून येणारं पाणी तपासायचं, ठीक असेल तर सही करायची, मग ते उंच पत्र्याच्या साच्यांत भरलं जातं आणि साचे गार खाऱ्या पाण्यात सोडले जातात. बर्फ बाहेरून आत गोठत जातो, आणि पाण्यातली सगळी घाण पुढे ढकलत ढकलत शेवटी मधोमध आणून ठेवतो. म्हणून लादी पुरती गोठायच्या आत मधलं गढूळ पाणी पंपाने ओढून काढायचं आणि तिथे स्वच्छ पाणी भरायचं. आमच्याकडे त्याला ‘पोट काढणं’ म्हणतात. पोट काढलेली लादी काचेसारखी दिसते. न काढलेलीच्या मधे पांढरा धुरकट दांडा राहतो.

गेल्या आठवड्यात एका हॉटेलवाल्याने लादी परत आणून फाटकात टाकली. तिच्या पोटात कबुतराचं पीस होतं. नुसतं पीस असतं तर एक वेळ चाललं असतं गं, पण पिसाच्या बुडाला मांसाचा तुकडा होता, पांढराफटक. मोठे दीर म्हणजे आमचे दादा, कारखान्याचे मालक, धावत बाहेर आले आणि हॉटेलवाल्यासमोर आपल्या ड्रायव्हरवर असे काही तुटून पडले की रस्त्यावरची माणसं थांबली. “गाडीत कबुतरं पाळतोस काय रे? चालता हो! परत तोंड दाखवू नकोस!” ड्रायव्हर मान खाली घालून गेला. हॉटेलवाला समाधानाने पुढची ऑर्डर देऊन गेला.

आणि मावशी, संध्याकाळी तो ड्रायव्हर, लाद्या झाकायचा भुसा ठेवतात त्या दादांच्याच वखारीत खुर्चीवर बसून केळं खात होता. पगार चालू. सगळं थंड झालं की चार महिन्यांनी परत गाडीवर. आधी गारव्याच्या यंत्रातला अमोनिया गळला तेव्हा फिटरला असंच ‘हाकललं’ होतं, तो तर वजन वाढवून परत आला. कामगार आपसात हसत विचारतात, “या खेपेचा बकरा कोण?” पाळीच लावलेली आहे म्हण ना.

रात्री जेवताना दादा आगपेटीच्या काडीने दात कोरत म्हणाले, “याला इंग्रजीत स्केपगोट म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांत असतो.” कोरून निघालेलं त्यांनी ताटाच्या कडेला पुसलं. सगळे हसले, माझा नवराही हसला. मी ताट तसंच ठेवून उठले.

तू शब्दकोशाच्या कचेरीत जन्म घालवलास, म्हणून विचारते. हा शब्द आला कुठून? आपला बळीचा बकरा तोच का? मग आमच्याकडचा बकरा कापला कसा जात नाही?

तुझी,
बिट्टी

---

११ एप्रिल

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दुपारच्या सरबतात बर्फ घालणाऱ्या आमच्या लेखनिकाचा पेला ओतून दिला. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

तुझा शब्द शोधायला कार्डांच्या कपाटाशी गेले. आमचे संपादक बोटाला थुंकी लावून कार्डं उलटतात, तुला सांगितलंय मी. तीस वर्षांत त्या बोटाने कपाटातला एकही खण सोडलेला नाही. ‘एस’च्या खणात तर कार्डांना कडेने तपकिरी साय धरलीय. मी रुमालाने कोपरा चिमटीत धरून कार्ड बाहेर काढलं, समोरची बाजू उतरवून घेतली आणि आत ढकललं. नंतर साबणाने हात धुतले, दोनदा.

तर ऐक. शब्द दोन तुकड्यांचा आहे. ‘गोट’ म्हणजे बकरा हे तुला ठाऊकच आहे. ‘स्केप’ म्हणजे ‘एस्केप’चंच जुनं, शेपूट तुटलेलं रूप. निसटणारा बकरा, सुटून जाणारा बकरा! पाचशे वर्षांपूर्वी एका भाषांतरकाराने एक फार प्राचीन धर्मग्रंथ इंग्रजीत आणताना हा शब्द घडवला. त्या ग्रंथातले लोक वर्षातून एकदा दोन बकरे आणत. चिठ्ठ्या टाकून एक देवाला कापत. दुसऱ्याच्या डोक्यावर पुजारी दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं घडाघडा म्हणून दाखवी, आणि मग त्या बकऱ्याला वाळवंटात सोडून देत. मूळ शब्द कुणाचं नाव होता की जागेचं, यावर पंडित अजून भांडताहेत. भाषांतरकाराने त्याची फोड केली ‘जाणारा बकरा’ अशी. चुकलाही असेल बिचारा, पण शब्द टिकला. दुसऱ्याचं पाप ज्याच्या माथी मारतात तो माणूस, हा अर्थ पुष्कळ नंतर आला.

म्हणजे आपल्या बळीच्या बकऱ्याची मान जाते आणि त्यांचा हा बकरा मोकळा चरत राहतो. तुझ्या दिराला इंग्रजी येत नसेल, पण तो शब्द मुळाबरहुकूम पाळतोय. केळं खाणारा तुमचा ड्रायव्हर हा शंभर नंबरी स्केपगोट!

मला विचारशील तर किळस बकऱ्याची येत नाही. बकऱ्याच्या केसांना हात पुसून, स्वच्छ होऊन घरी जेवायला जाणाऱ्यांची येते.

पाणी उकळून पी.

तुझी,
मावशी

---

२९ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न.

पत्राला उशीर झाला.

मागच्या आठवड्यात इथे एका लग्नात आमचा बर्फ घातलेलं सरबत पिऊन माणसं आजारी पडली. दवाखान्यात खाटा पुरेनात. सरकारी निरीक्षक येणार म्हटल्यावर दादांनी घाईघाईने वरची टाकी उघडायला लावली. झाकणाचा एक पत्रा कधीचा सरकलेला होता. मावशी, आत कबुतरं होती. काही नुकती मेलेली, काहींची नुसती पिसं आणि साय. भिंतीला हिरवा-काळा बुळबुळीत थर, बोटाएवढा जाड. फिटर आत उतरला आणि ओकत बाहेर आला. तो वास माझ्या केसांत बसलाय. जेवण समोर आलं की नाकात येतो, पाण्याचा पेला तोंडाशी नेला की येतो.

टाकी धुवा म्हणून मी थंडीपासून सांगत होते. दादा म्हणायचे, हंगाम संपू दे. पोट काढायचा पंपही त्यांनी मार्चमध्ये काढून ठेवला, का, तर त्यात वेळ जातो आणि लाद्या कमी निघतात. मी औषध दुप्पट टाकून पाणी ठीक आहे म्हणून सही करत राहिले. एकदा शिडी चढले होते वर बघायला. निम्म्यावर वास आला आणि खाली उतरले. बघितलंच नाही.

लग्नाच्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या लाद्या दादांनी नाल्यात वितळवायला लावल्या. एक मी हातगाडीवर घालून वखारीत नेली आणि भुशात खोल पुरली. का, ते विचारू नकोस. मला ठाऊक नाही.

परवा रात्री सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. दादा म्हणाले, या खेपेला कामगाराचं नाव चालणार नाही, निरीक्षक मानणार नाही. पाण्यावर सही कुणाची? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘पाणी तपासण्यात माझ्याकडून हयगय झाली, मालकांना अंधारात ठेवलं’ एवढं लिहून द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, “बाईमाणसाला कोण काय करतंय? चार महिने तुझ्या मावशीकडे जाऊन राहा, विश्रांतीच होईल.” जाऊबाई म्हणाल्या की त्यांच्या मुलाच्या परीक्षा आहेत, नाहीतर त्यांनीच नाव दिलं असतं. नवरा ताटातले मिरचीचे तुकडे वेचून कडेला ठेवत होता. एवढे नीट वेचले की सांगता सोय नाही.

मला इतका संताप आला की मी आत जाऊन तुझं पत्र आणलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, शेवटचा तुझा परिच्छेद ऐकून कुणाला तरी लाज वाटेल. झालं भलतंच. दादा टाळी वाजवून म्हणाले, “बघा, शिकलेली बाई काय सांगतेय! बकरा सुटतो! मी काय वेगळं म्हणतोय?” आणि नवरा पहिल्यांदा वर बघून हसला, सुटल्यासारखा. “बघ ना,” म्हणाला, “काही होत नाही.”

खरं सांगू? रात्री पडल्यापडल्या मलाही ते पटायला लागलं. फिटर आला परत, ड्रायव्हर येईल, मीही येईन. तोवर तुझ्याकडे, जिथे नळाला कबुतराचा वास येत नाही. तुझी कोपऱ्यातली खोली रिकामी आहे ना?

आजारी माणसं बहुतेक घरी गेली. एक म्हातारे शिंपी तेवढे अजून दवाखान्यात आहेत. दादा म्हणतात, त्यांचं वयच झालंय.

तुझी,
बिट्टी

---

४ मे

बिट्टे,

सही करू नकोस. बाकीचं पत्र वाचायच्या आधी हे डोक्यात घाल. सही करू नकोस.

काल तुझं पत्र आलं आणि टेबलावर तू काय वाचून दाखवलंस ते कळल्यावर मी तशीच कचेरीत गेले. ते कार्ड परत काढलं. या वेळी रुमाल घेतला नाही. कार्ड उलटलं. मागे मजकूर होता, बिट्टे, बारीक अक्षरात, कडेपर्यंत. थुंकीची किळस आली म्हणून मी अर्धंच कार्ड वाचलं होतं, आणि अर्ध्यावर तुला शहाणपण शिकवलं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतंय.

मागे लिहिलंय ते असं. त्याच लोकांच्या नंतरच्या ग्रंथांत बकरा नुसता सोडून देत नाहीत. त्याच्याबरोबर एक माणूस आधीपासून नेमलेला असतो. तो त्याला वाळवंटातल्या एका कड्यापर्यंत नेतो आणि पाठमोरा खाली ढकलतो. निम्म्यात पोचेपर्यंत बकऱ्याचे तुकडे झालेले असत, असं लिहिलंय. का? तर म्हणे तो चुकून परत गावात आला, तर सगळी पापं घेऊन येईल.

आणखी एक. गावापासून कड्यापर्यंतच्या वाटेवर ठिकठिकाणी मांडव घातलेले असत. प्रत्येक मांडवात त्या नेमलेल्या माणसाला विचारत, हे खाणं आहे, हे पाणी आहे, घ्या. बकऱ्याला कुणी विचारलं, असं कुठे लिहिलेलं नाही.

तुमचा फिटर परत आला, ड्रायव्हरही येईल, कारण पिसाने आणि वासाने कुणी मरत नव्हतं. त्यांच्यावर घातलेलं ओझं पोकळ होतं. आता दवाखान्यात एक माणूस पडलाय. तुझ्या दिराला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर या खेपेला वखारीतली खुर्ची नाही आणि घरातली सून आहे. आणि तुझा नवरा मिरच्या वेचतोय. शी! लिहितानासुद्धा तोंड कडू झालं.

कोपऱ्यातली खोली तुझीच आहे. पण इथे ये ती स्वतःच्या पायाने आणि कुणाचं काही अंगावर न घेता.

तुझी,
मावशी

---

६ मे

ती. मावशीस,
सा. न.

तुझं उत्तर आलं नाही, पण आता थांबता येत नाही. मी काल सही केली.

सही झाल्यावर दादांनी मला फाटकाशी नेलं. म्हणाले, “थोडा आवाज चढवीन, मनावर घेऊ नकोस, नेहमीचंच आहे.” मग सगळ्या कामगारांसमोर आणि बाहेर जमलेल्या लोकांसमोर ओरडले, “हिच्यामुळे! घरची म्हणून विश्वास टाकला आणि हिने माझं तोंड काळं केलं!” दर खेपेला कामगार गालात हसतात. काल कुणी हसलं नाही. फिटर माझ्याकडे बघून टोपी काढून उभा राहिला, मेलेल्या माणसासमोर राहतात तसा. लोकांत एक बाई होती, ती माझ्या पायाशी थुंकली. ती शिंप्यांची मुलगी होती हे मला नंतर कळलं.

शिंपी आज पहाटे गेले.

दादा म्हणाले, आता चारऐवजी जरा जास्त महिने लागतील, पण तू लवकर निघ. उद्या सकाळीच निघते. नवरा सोडायला येतोय. एरवी कधी माझी पिशवी उचलत नाही, आज माझे कपडे स्वतः घड्या करून भरले. सगळे फार प्रेमाने वागताहेत. मला त्यांच्या हातचं काही खाववत नाही.

येते.

तुझी,
बिट्टी

---

९ मे

ती. मावशीस,
सा. न.

माझं सहा तारखेचं पत्र मिळाल्यापासून तू दारात उभी असशील. मी येणार नाही, निदान इतक्यात नाही. जिवंत आहे, धड आहे. आता सगळं सांगते.

परवा सकाळी आम्ही एसटीसाठी घराबाहेर पडत होतो तेवढ्यात पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं. नवरा म्हणाला, “कुणाचं?” मी म्हटलं, “मावशीचं, वाट बघत असेल.” पत्र पर्समध्ये ठेवलं. पहिल्या थांब्यावर नवरा उतरला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. नको म्हटलं, तर स्वतः प्यायला. दुसऱ्या थांब्यावर खायला घेऊन आला. “खाऊन घे गं,” म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसून दोघांचं खाल्लं. तेल लागलेली बोटं त्याने माझ्या पिशवीच्या बंदाला पुसली. मुद्दाम नाही, सहज. तेव्हाच दादांचा फोन आला आणि हा वळून हळू आवाजात म्हणाला, “हो, पत्ता दिलाय ना निरीक्षकाला? पोलीस मावशीकडूनच घेऊन जातील तिला. आपल्या घरापर्यंत नको.”

तो हात धुवायला उतरला तेव्हा मी तुझं पत्र उघडलं. मांडवांबद्दल तू लिहिलंयस तिथपर्यंत आले आणि खरंच ओकले, गाडीच्या खिडकीतून. मग तोंड पुसलं, पिशवी तिथेच सोडली, पर्स घेतली आणि मागच्या दाराने उतरून समोर उभ्या असलेल्या उलट दिशेच्या गाडीत बसले. त्याला गाडी सुटेपर्यंत कळलं नसावं. त्याचे फोन आले. मी उचलले नाहीत.

गावात उतरून आधी निरीक्षकाकडे गेले. म्हटलं, त्या कबुलीवरची सही माझी आहे, हात माझाच होता. पाणी ठीक असल्याच्या सह्याही माझ्याच आहेत, टाकीत न बघता केलेल्या, त्याचं जे व्हायचं ते होऊ द्या. पण मालकांना अंधारात ठेवलं हे खोटं आहे. आणि मी काही दाखवणार आहे, ते वितळायच्या आत चला.

शिंप्यांच्या मुलीकडेही गेले. दार लावून घेईल असं वाटलं होतं. ती चपला घालून निघाली.

वखारीत ड्रायव्हर खुर्चीवर होता. निरीक्षकाला बघून उठला. कुठे पुरलंय ते मी सांगितलं नाही, पण फावडं त्यानेच आणलं. भुसा ओला झालेला होता आणि तो वास आला, मावशी, तोच. या खेपेला मी तोंड फिरवलं नाही. गुडघ्यांवर बसून हातांनी भुसा काढला. लादी निम्मी उरली होती. मधे धुरकट दांडा, पोट न काढलेला, आणि त्यात कबुतराचा पाय, नखांसकट. निरीक्षकाने नाकाला रुमाल लावला. शिंप्यांच्या मुलीने लावला नाही. तिने वाकून जवळून बघितलं. मग तिने विचारलं, “हे प्यायले बाबा?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

निरीक्षकाने विचारलं, पोट का काढलं नाही? मी उत्तर द्यायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, “पंप इथेच पडलाय साहेब, मालकांनी आणून टाकलाय,” आणि पोत्याखालून ओढून दाखवला. फिटरला बोलावलं, त्यानेही सांगितलं. दोन बकरे आणि मी, असे तिघे उभे होतो.

मग आम्ही ती लादी हातगाडीवर घालून कारखान्याकडे निघालो, भर बाजारपेठेतून. झाकायला निरीक्षकाने पोतं दिलं होतं. शिंप्यांच्या मुलीने ते काढून टाकलं. पाणी गळत होतं, लोक दुकानांतून बाहेर येत होते, नाकाला हात लावून मागे चालत होते.

फाटकाशी दादा उभे होते. सासूबाई शेजारच्या आमच्या घराच्या खिडकीत. दादांनी लादी बघितली, निरीक्षक बघितला, शिंप्यांची मुलगी बघितली. त्या मुलीला काही म्हणतील असं मला वाटलं होतं. एखादा शब्द, खोटा का होईना. त्यांनी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघितलं, एखादं मेलेलं माणूस दारात उभं राहावं तसं.

“तू परत कशी आलीस?” ते म्हणाले.

मी म्हटलं, “चालत.”

तुझी,
बिट्टी